योगाची फलश्रुती

गेल्या २१ जूनला नशिराबादेस, म्हणजे माझ्या जन्मगावी, योगदिनाचा समारंभ झाला व त्याचे अध्यक्षपद मजकडे आले. ते विद्वत्तेमुळे आले असे वाचकांनी समजू नये. गावचा मनुष्य आहे, जळगावच्या कॉलेजात पंचवीसतीस वर्षे इंग्रजी शिकवीत आहे, आणि बोलाविले असता नाही म्हणत नाही, एवढी पात्रता त्या कामी पुरेशी ठरली. शाळेच्या पटांगणावर सकाळी सहालाच दोनअडीचशे मंडळी जमली होती. पेरणीची घाई असूनही शेतकरी आले होते; सासवा आल्या होत्या आणि त्यांच्या सुनाही आल्या होत्या. असे दृश्य पाहून ज्यास आनंद होणार नाही असा मनुष्य विरळा. तो मलाही झाला. परंतु इतक्यात प्रत्येकाच्या हाती एक छापील पत्रक देण्यात आले, आणि ते वाचता वाचता माझा आनंद मावळला.

पत्रकात बारा आसने व चार प्राणायाम यांची नावे असून प्रत्येकापुढे ‘लाभ’ या मथळ्याखाली रोगांची यादी होती. एकाने मधुमेह जातो, दुसऱ्याने दमा जातो, तिसऱ्याने संधिवात, मूळव्याध आणि हृदयविकार ही तिन्ही दुखणी एकदमच जातात. एका प्राणायामापुढे तर ‘सर्व रोग’ एवढे दोनच शब्द लिहून कर्त्याने स्वतःचे व वाचकांचे श्रम वाचविले होते. अध्यक्ष या नात्याने मी पंधरा मिनिटे बोललो. पतंजलीविषयी बोललो, आरोग्याविषयी बोललो, २०१४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस मान्य केला त्याविषयीही बोललो; पण त्या पत्रकाविषयी चकार शब्द काढला नाही. समारंभाचा रसभंग होऊ नये, एवढेच त्या मौनाचे कारण. ते पुरेसे नव्हते हे मला तेव्हाच ठाऊक होते. कारण पहिल्याच रांगेत माझे थोरले चुलतभाऊ खुर्चीवर काठी टेकून बसले होते. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

आमचे दादा प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मधुमेह त्यांस पंधराएक वर्षांचा. काही वर्षांपूर्वी ते एका योगवर्गास जाऊ लागले. वर्ग चालविणारे गृहस्थ सज्जन होते. फीचा एक पैसाही घेत नसत. दोन महिन्यांत दादांस झोप चांगली लागू लागली, पाठीचा ताठरपणा कमी झाला, रक्तातील साखरही काहीशी उतरली. हे सर्व खरे होते. मग एके दिवशी त्या गृहस्थांनी सांगितले की, आता गोळ्यांची गरज नाही, अभ्यास मात्र श्रद्धेने चालू ठेवा. दादांनी गोळ्या सोडल्या आणि अभ्यास श्रद्धेने चालू ठेविला. आठ महिन्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्यास जखम झाली. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली, म्हणून ती दुखली नाही. आणि दुखली नाही म्हणून कोणी पाहिली नाही. अखेरीस अंगठा व शेजारचे बोट काढून टाकावे लागले. गोळ्या कधीपासून बंद केल्या, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा दादांनी माझ्याकडे पाहिले. गोळ्या सोडल्याचे त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितले होते, आणि मी ‘तुम्हांला बरं वाटतंय ना? मग झालं,’ एवढेच म्हणालो होतो.

या हकीकतीत लबाड कोणी नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. भोंदू बुवांवर कोरडे ओढणे सोपे असते. तेथे लोभ दिसतो, लबाडी दिसते आणि आपला राग निःशंक होतो. येथे शिकविणारा निर्लोभ, शिकणारा श्रद्धाळू, आणि सल्ला विचारला तो भाऊ सुशिक्षित. तिघांच्याही हेतूंत खोट नसता एका मनुष्याची दोन बोटे गेली. तेव्हा दोष कोणा एका व्यक्तीत न शोधता आम्हां सर्वांच्या एका बौद्धिक सवयीत शोधला पाहिजे. ती सवय म्हणजे फलश्रुतीस हमी समजण्याची.

स्तोत्र संपले की फलश्रुती येते, हे आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले आहे. पुत्र हवा त्यास पुत्र, धन हवे त्यास धन, विद्या हवी त्यास विद्या. तथापि त्या आधारावर कोणी शहाणा गृहस्थ सावकाराचा हिशेब मांडीत नाही, व परीक्षेचा अभ्यास सोडीत नाही. आपल्या पूर्वमीमांसकांनी या भाषेचे स्वरूप फार पूर्वीच ओळखले होते. काय करावे हे सांगणारे वाक्य तो विधी. आणि ते करण्याची रुची उत्पन्न व्हावी म्हणून केलेली स्तुती तो अर्थवाद. अर्थवादास स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीकडे मन वळविणे एवढेच त्याचे काम. हठयोगाचे ग्रंथ याच परंपरेत लिहिले गेले. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत मयूरासनाची स्तुती करताना, ते करणारा विषही पचवितो, अशा आशयाचे विधान आहे. म्हणून आजवर कोणा योगशिक्षकाने वर्गात विषाचा पेला आणून ठेवल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे विषापुरता अर्थवाद आम्हांस नीट कळतो. मधुमेहापुरता मात्र तो कळेनासा होतो.

ही चिकित्सक दृष्टी इंग्रजी शिकलेल्यांची, पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली, असा आक्षेप येईल. त्यास माझे उत्तर आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरास सापडते. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक १९१६ नंतरची काही वर्षे अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात होते, आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९२३ च्या सुमारास ते महाविद्यालय बंद पडले. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, याच गुण्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. जग त्यांस स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखते. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांपाशी त्यांनी व्यायामविद्या शिकली होती, नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासांकडून योग घेतला होता. म्हणजे गुरुपरंपरा होती, श्रद्धा होती, देशाभिमानही होता. परंतु उड्डियान व नौली केल्याने पोटात नेमके काय होते, हा प्रश्न त्यांस पडला तेव्हा त्यांनी पोथी उघडली नाही. बडोद्याच्या इस्पितळात अभ्यासकांस क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उभे केले, आतड्यातील दाब नळीने मोजला. नौलीच्या वेळी तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, व म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी पिचकारीवाचून वर चढते, असे दिसून आले. त्या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुभक्ती आणि मोजमाप या दोन गोष्टी एका मनुष्यात सुखाने नांदू शकतात, याचे यापरते उदाहरण काय द्यावे? त्याच वर्षी त्यांनी जे त्रैमासिक काढले त्याचे नाव ‘योगमीमांसा’ असे होते. स्तोत्र नव्हे, मीमांसा.

या मीमांसेचे एक फळ तर भक्तांस कडू लागावे असे आहे. प्राणायामाने शरीरास पुष्कळ प्राणवायू मिळतो व म्हणून रोग जातात, असे आजही वर्गावर्गांतून सांगितले जाते. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या जादा पुरवठ्यात नाही, हे कुवलयानंदांनी आपल्या प्रयोगांनंतर स्वतःच मांडले. याचे कारण कोणत्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. निरोगी मनुष्याच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वासोच्छ्वासानेच शंभरांत पंच्याण्णवांहून अधिक अंशांनी प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? उलट फार वेगाने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि डोके हलके होऊन झिणझिण्या येतात. कित्येक साधक यासच जागृती समजतात. संथ श्वासाची गोष्ट वेगळी. मिनिटास सहाच्या आसपास श्वास घेतल्यास हृदयाची लय व रक्तदाब सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पाहा, एकाच ‘प्राणायाम’ या नावाखाली दोन परस्परभिन्न क्रिया आहेत, दोहोंचे परिणाम भिन्न आहेत, आणि आमचे पत्रक दोहोंपुढे ‘सर्व रोग’ असे लिहून मोकळे होते.

जी गोष्ट प्राणायामाची तीच योगाच्या इतर प्रकारांची. आपल्या महाराष्ट्रात गेल्या शतकभरात या विद्येच्या निरनिराळ्या शाखा वाढल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यावर पुस्तक लिहिले व आपल्या संस्थानच्या शाळांतून तो चालू केला. नमस्कार हा मूलतः व्यायाम आहे. हठप्रदीपिकेत तो नाही. त्याने घाम येतो, छाती भरते, सांधे मोकळे होतात. उत्तम व्यायामाचे जे लाभ ते त्याचे लाभ; त्यांहून अधिक त्याजकडे मागू नये व त्यांहून कमी त्यास मानू नये.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले, तेव्हा ते विशीच्याही आतले होते, आणि बालपण आजारांत गेलेले. त्यांनी आसनातील अवयवांच्या नेमकेपणास प्राधान्य दिले आणि दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने वृद्धांस व अडलेल्या शरीरांसही आसन साध्य करून दिले. जुनाट कंबरदुखीवर योगाचा काय उपयोग होतो याची तपासणी कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली व पुन्हा २०२२ साली, अनेक प्रयोग एकत्र करून प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की, काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडी सुधारणा होते; पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना करता फारसा फरक आढळत नाही. हा लाभ खरा आहे, पण अलौकिक नाही. उलटपक्षी, शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, असे आपल्याच देशातील नेत्रवैद्यांनी २००६ साली दाखविले. काचबिंदू असलेल्याने ते करू नये. ‘डोळ्यांचे तेज वाढते’ असे शीर्षासनापुढे छापणाऱ्यांनी एवढे तरी वाचावयास हवे होते.

ध्यानाचा प्रकार आणखी निराळा. मुंबईकडे जाताना इगतपुरीस धम्मगिरीचे केंद्र लागते. तेथे दहा दिवस मौन पाळून, रोज दहा तासांच्या आसपास बसून, आधी श्वासाचे व नंतर सर्वांगातील संवेदनांचे निरीक्षण शिकविले जाते. शुल्क घेतले जात नाही. त्याचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांची स्वतःची कथा फार बोधप्रद आहे. ब्रह्मदेशात व्यापार करीत असता तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांजकडे गेले. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून ही विद्या शिकावयाची असेल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांस प्रथम सांगितले. व्याधी पुढे गेली ती गेली. पण ज्या गुरूने फलश्रुती नाकारली त्याच गुरूपाशी ती गेली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी या शिबिरास येऊ नये, असे ते केंद्र आजही आधीच कळविते. जी साधना कोणास सोसणार नाही हे सांगू शकते, ती कोणास लाभेल या तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यास जागा राहते.

यांपैकी श्रेष्ठ प्रकार कोणता, असे मला पुष्कळदा विचारतात. वखर श्रेष्ठ की पाभर श्रेष्ठ, असा प्रश्न आमच्या खानदेशातला शेतकरी कधी विचारीत नाही. जमीन मोकळी करावयाची तर वखर, पेरावयाचे तर पाभर. ज्याची पाठ आखडली त्यास एक हवे, ज्यास झोप नाही त्यास दुसरे, ज्यास आपल्या मनाचा चाळा पाहावयाचा आहे त्यास तिसरे. आणि ज्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन येणेच थांबले आहे त्यास आधी इन्सुलिन हवे. मग यांपैकी जे रुचेल ते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिले असे की, फळ सांगितल्यावाचून लोक येत नाहीत. मान्य, पण मग जे फळ सांगावयाचे ते खरे तरी असू द्या. खोट्या फलश्रुतीचा सर्वांत क्रूर भाग असा की, ती फसली म्हणजे दोष रोग्याच्या माथी येतो. औषध लागू पडले नाही तर आपण औषध बदलतो; आसन लागू पडले नाही तर ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे ऐकावे लागते. दादा इस्पितळात पडले असता, आपल्या अभ्यासात कोठे चूक झाली, हेच मला विचारीत होते. पायाबरोबर मनुष्याचा स्वतःवरील विश्वासही कापला जातो, तो हा असा.

दुसरे म्हणणे असे की, डॉक्टरही चुकतात व औषधांचेही दुष्परिणाम होतात. होतात तर खरेच. परंतु ते आपणांस ठाऊक कसे झाले? कोणी तरी मोजले, लिहिले, आणि औषधाच्या पुडीतील कागदावर बारीक अक्षरांत का होईना, छापले म्हणून. योगासही तोच मान द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. तिसरे म्हणणे असे की, योग हा आत्मानुभव आहे, तो यंत्राने मोजता येणार नाही. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ज्यांस ते मान्य आहे त्यांनी पत्रकावर मधुमेहाचे नाव छापू नये. ज्याने साखरेचे नाव घेतले त्याने साखर मोजण्यास ना म्हणू नये.

मोजण्याने योगाची अप्रतिष्ठा होते, अशी भीती काहींस वाटते. १९६१ साली वेंगर, बागची व दिल्लीचे डॉ. आनंद या तिघांनी, हृदय थांबवितो म्हणणाऱ्या योग्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. नाडी लागेनाशी झाली, छातीतील ठोके ऐकू येईनात. पण हृदयाची विद्युत्‌रेषा कागदावर चालूच राहिली. श्वास रोखून छातीचे स्नायू ताणल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटत होते, हृदय थांबले नव्हते. ते योगी खोटे बोलत नव्हते. जे घडले त्याचा अर्थ त्यांस चुकीचा लागला होता. पतंजलीनेही सिद्धींस समाधीतील अडथळेच म्हटले आहे. आणि आमच्या तापीपूर्णेच्या संगमावर ज्यांच्या नावाचे गाव व मंदिर आहे ते चांगदेव? चौदाशे वर्षे काळास परतवून लावणारा हा योगी वाघावर बसून आला, आणि अखेर मुक्ताबाई नावाच्या लहान मुलीचा शिष्य झाला, अशी कथा घरोघर सांगतात. वाघावर बसणाऱ्याची प्रतिष्ठा खाली उतरल्याने वाढली, असे ज्या प्रांतातील आयाबाया सांगतात, तेथे सत्याने योगाची मानहानी होईल असे भय बाळगण्याचे कारण नाही.

जे सर्वच योगास थोतांड म्हणतात, त्या माझ्या काही सहकाऱ्यांसही एक शब्द. दादांस लागलेली झोप खरी होती. पाठीस पडलेला आराम खरा होता. एकदाही अर्धा तास स्वस्थ न बसता ध्यानावर अभिप्राय देणे आणि एकदाही साखर न तपासता मधुमेह गेला म्हणणे, या दोहोंत आळस सारखाच आहे.

तेव्हा करावयाचे काय? पत्रक काढणे बंद करावे असे मी म्हणत नाही. ते नीट काढावे. प्रत्येक क्रियेपुढे तीन गोष्टी असाव्यात: ही कशासाठी, तिच्याविषयी तपासून काय कळले आहे, आणि ती कोणी करू नये. तिसरा रकाना रिकामा ठेवू नये. आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ असावी की, डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणतीही गोळी सोडू नये. असे पत्रक पुढील वर्षी नशिराबादेस मी स्वखर्चाने छापून देईन, असे संयोजकांस कळविले आहे. अध्यक्षपद नाही दिले तरी चालेल.

दादा आता गोळ्या नियमित घेतात आणि रोज सकाळी खुर्चीवर बसून झेपतील तेवढी आसने व संथ श्वासाचा अभ्यासही करतात. हा लेख टपालात टाकण्यापूर्वी त्यांस वाचून दाखविला; त्यांची हकीकत असल्याने तो त्यांचा हक्कच होता. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘सगळं लिही. माझी बोटंही लिही. वर्ग बंद करा, असं मात्र लिहू नकोस.’ तसे मी कोठेही लिहिलेले नाही, हे वाचकांनी पाहिलेच आहे.